सत्याऐंशीच्या आत

सोमवार, ३ फेब्रुवारी

वजन ९७.४. हे कपड्यांसकट आहे. कपडे साधारण चार किलोचे असावेत अशी माझी समजूत होती, पण बायकोने तिथल्या तिथे शर्ट-पँट काट्यावर ठेवून दाखवली. आठशे ग्रॅम भरली.

वही लिहायला आहारवाल्या बाईंनी सांगितलंय. त्यांनी आधी एक छापील तक्ता दिला होता, सकाळ, दुपार, संध्याकाळ असे तीन रकाने. माझं खाणं तीन रकान्यांत मावायचं नाही, हे मी त्यांना नम्रपणे सांगितलं. मग म्हणाल्या, साधी वही करा, आणि काय खाल्लं एवढंच नको, खाताना मनात काय होतं तेही लिहा. खाताना माझ्या मनात खाणंच असतं. तरी लिहितो.

एवढा खटाटोप ताईसाठी. तिच्या दोन्ही किडन्या गेल्या. गेले सहा महिने ती आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाते आणि चार-चार तास मशीनला जोडून पडते. नात्यातल्या सगळ्यांची रक्तं तपासून झाली. ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, लग्न केलं नाही, जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली. मी तिला मेसेज केला की उत्तर यायच्या आधी माझ्या चुका दुरुस्त होऊन येतात. आमचं दोघांचं आजवर एकाही बाबतीत जुळलेलं नाही. किडनी मात्र जुळली.

सर्जन म्हणाले, सगळं उत्तम आहे, फक्त तुम्ही जरा जास्त आहात. सत्याऐंशीच्या आत आलात तर ऑपरेशन, नाहीतर नाही. चौदा एप्रिलला शेवटचं वजन. म्हणजे दहा आठवड्यांत दहा किलो, त्यात काय अवघड. मी लगेच संमतीपत्रावर सही केली. पेन भिकार होतं, दोनदा करावी लागली.

अडचण एकच, माझा धंदा. मी बेकऱ्यांच्या भट्ट्या बसवतो. कंपनी भट्टी विकते, मी जाऊन ती उभी करतो, पेटवतो, आणि पहिला माल खाऊन नीट भाजला गेलाय की नाही ते सांगतो. पुढचे अडीच महिने नऊ गावं आहेत, मधे जेमतेम दोन-चार दिवस घर. बरोबर काडी आहेच. काडी म्हणजे आमचा वायरमन, वीस वर्षं माझ्यासोबत फिरतोय. माझ्या दुप्पट खातो आणि बाजूनं बघितला तर दिसत नाही. देव आहे की नाही या प्रश्नावर मला जे म्हणायचंय ते मी काडीकडे बोट दाखवून म्हणतो.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

पहिलं गाव. हॉटेलात सकाळचा नाश्ता फुकट आणि हवा तेवढा. 'हवा तेवढा' हे दोन शब्द ज्याने पहिल्यांदा शेजारी-शेजारी लिहिले त्याला मी शोधतो आहे.

आहारवाल्या बाईंची युक्ती अशी की आधी सगळ्या टेबलाला एक रिकामी फेरी मारायची, मग ताट उचलायचं. मी तीन फेऱ्या मारल्या. वाढपी जवळ येऊन काही हरवलंय का म्हणून विचारून गेला. शेवटी दोन उकडलेली अंडी, काकडी, एक संत्रं. समोर काडी जॅम आणि लोणी यांच्या मधे थोडा ब्रेड घालून खात होता.

खाताना मनात काय होतं: काडी.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

बिस्किटांचा कारखाना. लांबलचक भट्टी आहे, एका टोकाने कच्चं पीठ शिरतं आणि दुसऱ्या टोकाने बिस्कीट बाहेर पडतं, मधे सरकता पोलादी पट्टा. पट्ट्याच्या डावीकडचा माल फिकट येत होता. बर्नरची ज्योत जरा वाढवली, पुन्हा माल काढला, पुन्हा चाखला. अशा अकरा चाचण्या झाल्या. प्रत्येक चाचणीला डावं, मधलं आणि उजवं अशी तीन बिस्किटं, म्हणजे तेहतीस. तेहतीस बिस्किटं पोटात गेली तर ताईच्या किडनीचं काय, असा विचार करून मी चावायचं आणि बादलीत थुंकायचं ठरवलं. जिभेला कळण्याशी मतलब, पोटाला कळायची गरज नाही.

कारखान्याचे मालक नेमके नवव्या चाचणीला आले. त्यांच्या वडिलांनी स्वतः ठरवलेल्या चवीचं बिस्कीट मी त्यांच्यादेखत बादलीत थुंकलो. ते बादलीकडे बघत राहिले. काडीने पुढे होऊन सांगितलं की साहेबांची ही परदेशी पद्धत आहे, वाइन चाखणारे अशीच थुंकतात. मालकांनी मग स्वतः दोन बिस्किटं चावून थुंकली, आणि उजवीकडचं जरा करपट लागतंय म्हणाले. खरंच होतं.

वजन ९५.९.

रविवार, १६ फेब्रुवारी

९५.१. ताईचा फोन आला. तिचा रोजचा एकच प्रश्न, आज काय खाल्लंस. तिच्या स्वतःच्या खाण्यात आता काही राम नाही. मीठ नाही, केळं नाही, टोमॅटो नाही, पाणीसुद्धा मापून. त्यामुळे तिला दुसऱ्याच्या ताटात डोकवायला आवडतं. मी म्हटलं, काकडी आणि उकडलेली कोंबडी. ती म्हणाली, भट्टीवाल्याच्या तोंडी हे शोभत नाही, मला निदान ऐकायला तरी काहीतरी चांगलं मिळू दे.

बिचारी. पुढच्या वेळी थोडं रंगवून सांगीन.

शनिवार, २२ फेब्रुवारी

सकाळी हॉस्पिटलमधून फोन. समुपदेशक बाई होत्या. किडनी देणाऱ्याशी त्या एकांतात बोलतात म्हणे, घेणाऱ्याला न कळवता. शांत आवाजात सांगत होत्या की तुम्ही कधीही माघार घेऊ शकता. नको वाटलं तर आम्ही घरच्यांना 'वैद्यकीय दृष्ट्या जमत नाही' एवढंच सांगू, खरं कारण कुणालाही कळणार नाही. तुम्हाला काही विचारायचंय का.

मी मोठ्याने हसलो. म्हटलं, बाई, इथे मी काकडीवर जगतोय आणि तुम्ही माघार कसली काढताय. विचारायचं काही नाही. त्या म्हणाल्या, काही नाही असं कुणाचं नसतं. मी म्हटलं, भट्टी तापलीये, ठेवतो.

दुपारी भूक अशी लागली की विचारू नका. पोटात खड्डाच पडला. आता खड्डा पडला की भरायचा, हा साधा बांधकामाचा नियम. क्रीम भरलेले बन होते, सहा खाल्ले. काडीच्या ताटातला एक धरून सात. नवीन भट्टीचा पहिला माल होता, थोडं कर्तव्य म्हणूनही.

ताईला फोनवर बनांचं वर्णन केलं. खूश झाली.

रविवार, २ मार्च

९२.४. मीच आहे हा. हॉटेलचे चार मजले रोज सहा वेळा चढतो-उतरतो. लिफ्टवाला मला टाळतो. त्याला वाटतं माझं त्याच्याशी काहीतरी बिनसलंय. पट्ट्याला नवं भोक पाडलं, काडीच्या ड्रिलने. काडी म्हणाला, उलट्या दिशेची भोकं तर तू आजवर स्वतःच पाडत आलास, हे पहिलंच माझ्याकडून.

आहारवाल्या बाई फोनवर म्हणाल्या, असंच चालू राहिलं तर महिनाअखेरीस सत्याऐंशी. मी बरं म्हटलं. आनंदच झाला असावा.

मंगळवार, १८ मार्च

८९.६. परवा हॉस्पिटलात स्कॅन आहे, म्हणून उद्या घरी जायचंय.

ताईने आज फोनवर हट्टच धरला. या गावात नाक्यावर एक जुनं केकचं दुकान आहे, छापखान्यातली कुणी मैत्रीण सांगायची म्हणे. तिथला तीन थरांचा चॉकलेट केक खाऊन ये आणि मला थराथराने सांग. मी म्हटलं, ताई, परवा वजन आहे. तर म्हणाली, एका केकने काय होतंय, मला आता तेवढंच सुख. तिने 'सुख' म्हटल्यावर मी काय बोलणार.

केक चांगला होता. वरचा थर ओलसर, मधला जरा गच्च. दुसरा तुकडा खात्री करायला घेतला, तिसरा दुसऱ्याबद्दल शंका होती म्हणून. संध्याकाळपर्यंत पोट डब्ब. पण खड्डा काही बुजला नाही, आश्चर्य आहे.

शुक्रवार, २१ मार्च

काल ९०.८. आहारवाल्या बाईंनी वहीत केकच्या तीन तुकड्यांखाली रेघ ओढली. सर्जनने ऑपरेशन कागदावर काढून दाखवलं. त्यांचा हात चांगला आहे, किडनी अगदी घेवड्याच्या दाण्यासारखी आली. पोटात हवा भरतात, तीन भोकं पाडतात, आणि खाली एक चीर देऊन तिथून किडनी बाहेर. हे सगळं ते मजेत सांगत होते. मी भट्टीचा बर्नर बदलताना गिऱ्हाइकाला असंच सांगतो, तेव्हा गिऱ्हाईक अशी मान का डोलावतं ते काल कळलं. त्यांनी काही शंका आहेत का विचारलं. मी म्हटलं, पार्किंगचा शिक्का कुठे मारून मिळेल.

आज ताईच्या डायलिसिसला बसलो. हॉलमधे आठ खुर्च्या, आठ मशिनं, आणि आठ माणसं दाराकडे पाठ करून. ताईच्या हातातून दोन नळ्या निघतात, रक्त एकीतून जातं, दुसरीतून येतं. ती सगळ्यांना माझी ओळख करून देत होती. नर्सला म्हणाली, हा माझा धाकटा भाऊ, म्हणजे माझा सुटा भाग. शेजारच्या खुर्चीतल्या आजोबांना म्हणाली, पोटाकडे बघून घाबरू नका, माल आतून चांगला आहे. आजोबा हसले. तिसऱ्या तासाला ताईच्या पायात पेटका आला. ती बोलायची थांबली, ओठ मिटून छताकडे बघत राहिली. मी पाय दाबून दिला. हाडांवर कातडी उरलीये नुसती. पेटका गेल्यावर म्हणाली, "तू जा आता. खाली कॅन्टीनमधे पफ चांगले मिळतात."

दोन खाल्ले.

घरी बायकोने विचारलं, तुला नीट झोप लागते का. हा काय प्रश्न, मी घोरतो हे ती बावीस वर्षं ऐकतेय. ती म्हणाली, हल्ली घोरत नाहीस, म्हणूनच विचारतेय.

वजन कमी झाल्यावर घोरणं जातं म्हणे. चांगलं लक्षण.

शनिवार, २९ मार्च

९२.३. काय होतंय कळत नाही. काटा बिघडला असेल म्हणून बेकरीतल्या मैद्याच्या काट्यावर उभा राहिलो. तो काटा खरा असतो, त्यावर धंदा चालतो. ९२.३.

परवा हॉस्पिटलचा फोन आला होता, ऑपरेशनची तारीख चोवीस एप्रिल धरून ठेवलीये म्हणून. त्यानंतर एक अख्खा पाव, लोणी लावून. मग बिनलोण्याचा.

आज जेवताना काडी म्हणाला, "तू भुकेनं खात नाहीस. फोन आला की खातोस."

मी विचारलं, कुठला फोन. तो म्हणाला, हॉस्पिटलचा. बनांच्या दिवशी आला होता, परवाही आला होता. मी म्हटलं, तू वायरी बघ. तो म्हणाला, वायरीच बघतोय, इकडे बटण दाबलं की तिकडे दिवा लागतो. मी ताट घेऊन दुसऱ्या टेबलावर जाऊन बसलो.

सोमवार, ३१ मार्च

काडीशी बोलणं बंद. काम खुणांवर चाललंय. दुपारी मी 'फेज बंद कर' अशी खूण केली, ती त्याने 'चहा सांग' अशी समजली. चहा आला, फेज चालूच. थोडक्यात वाचलो. तरी मी काही बोललो नाही. त्यानेही चहा पिऊन टाकला.

बुधवार, २ एप्रिल

हॉटेलच्या काउंटरवर माझ्या नावाचा खोका. आत बारा कपकेक आणि ताईच्या अक्षरातली चिठ्ठी: 'अंगात शक्ती राहू दे.' मला भरून आलं. स्वतः मिठाशिवाय जेवते आणि मला बारा कपकेक पाठवते. बुडाशी जरा करपलेले होते, आमची भट्टी नव्हती त्यांची.

चार खाऊन झाल्यावर काडी आला. चार दिवसांनी तोंड उघडलं तेही असं. म्हणाला, "ज्या माणसाचं वजन उतरण्यावर आपला जीव अडकलाय, त्याला केक कोण पाठवतं?"

मी ताडकन म्हणालो, बहीण पाठवते, तुला नाही कळायचं. मग खोलीत येऊन ही वही पहिल्यापासून वाचली. केक, हॉस्पिटलच्या दोन दिवस आधी, तिनेच सांगितला. कॅन्टीनचे पफ, तिनेच. कपकेक आज, आणि आहारवाल्या बाईंकडे परवा जायचंय.

म्हणजे तिला माझी किडनी नकोय. सरळ आहे. जन्मभर माझ्या ऱ्हस्व-दीर्घात चुका काढल्या, आता अवयवातही काढल्या. माझी किडनी तिला कमी प्रतीची वाटत असेल तर तोंडावर सांगावं, असं मागच्या दाराने केक पाठवून काय मिळतं. भयंकर राग आला आहे. पाचवा खाल्ला.

रविवार, ६ एप्रिल

काल सकाळच्या बसने ताईकडे गेलो. ती खिडकीशी बसून कुणाचं तरी पुस्तक तपासत होती, लाल पेन कानावर. डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी ती जरा बरी असते. मी आल्या-आल्या खोका टेबलावर ठेवला, उरलेल्या सात कपकेकसकट, आणि विचारलं की माझ्या किडनीत काय खोट आहे.

तिला आधी कळेचना. मी तारखा सांगितल्या, वहीच उघडून पुढे केली. तिने वाचली. सवयीने दोन ठिकाणी वेलांटी दुरुस्त केली, मग पेन खाली ठेवलं.

"तू सही केलीस तेव्हा मी शेजारी बसले होते," ती म्हणाली. "पेन नीट होतं."

मी खोक्याचं झाकण उघडलं.

"तू कुणाला नाही म्हणत नाहीस. मला तर कधीच म्हणाला नाहीस. मग म्हटलं, नाही न म्हणता तुला सुटता यावं. वजन उतरलं नाही, संपलं. कुणाचा दोष नाही, कुणाला वाईट वाटायला नको."

"आणि तुझं काय?"

"माझं चाललंय. मशीन अजून मला कंटाळलेलं नाही."

ती हे इतक्या सरळ आवाजात म्हणाली की मला डायलिसिसच्या हॉलमधला तिचा पाय आठवला. आणि मग मी जे बोललो ते मला स्वतःलाही माहीत नव्हतं. म्हटलं, ताई, मला भीती वाटते. मला ते कागदावरचं चित्र दिसतं. मी टेबलावर झोपलो आणि उठलोच नाही, असं रोज दिसतं. लेक अजून कॉलेजात आहे. आणि उरलेली एक पुढे बिघडली तर मला कोण देणार, तू तर आधीच वापरून बसलेली असणार. हे सगळं मी बसल्या जागी, हातात एक कपकेक घेऊन बोललो. कपकेक कधी उचलला आठवत नाही. ताईने तो हातातून काढून घेतला.

म्हणाली, "मलाही वाटते. माझ्या ऑपरेशनची नाही. तुला काही झालं तर तुझ्या लेकीसमोर मी कुठल्या तोंडाने उभी राहू?"

मग मी खुर्ची खिडकीशी ओढली. समोरच्या गच्चीवर एक बाई सतरंजी झटकत होती. ताई म्हणाली, ठरव तू. पण ठरवताना माझ्या तोंडाकडे बघू नकोस, माझा चेहराच तसा आहे, लोकांना उगाच वाईट वाटतं.

निघताना तिने खोका शेजारी देऊन टाकला.

बुधवार, ९ एप्रिल

समुपदेशक बाईंना मीच फोन केला. प्रश्न कागदावर लिहून काढले होते, एकतीस झाले. किती माणसं टेबलावर जातात. एका किडनीवर किती वर्षं काढता येतात. भट्टीचे दरवाजे चाळीस किलोचे असतात, ते उचलता येतील का. बाई एकेकाचं उत्तर देत होत्या, एकदाही हसल्या नाहीत. धोका थोडा आहे पण आहे, असं स्पष्ट म्हणाल्या. तेविसावा प्रश्न होता की मी भित्रा आहे का. त्या म्हणाल्या, ज्यांना भीती वाटत नाही त्यांची मला जास्त काळजी असते. आणि ऑपरेशनच्या खोलीच्या दारापर्यंत मी नाही म्हणू शकतो, हे पुन्हा सांगितलं. या खेपेला मी हसलो नाही, नीट ऐकलं.

वजन ९२.१. चौदा तारीख गेलीच म्हणायची. सर्जनने वीस मे दिली.

शनिवार, १२ एप्रिल

गेले तीन दिवस मी ते 'नाही' खिशात घालून फिरतोय. भट्टी जोडताना, जिना चढताना, नाश्त्याच्या टेबलाभोवती. म्हणून टाकू का, असं स्वतःला विचारत होतो. आज लक्षात आलं की तीन दिवसांत एकदाही बनाकडे हात गेला नाही.

मग बायकोला फोन करून सांगितलं की देणार आहे. ती म्हणाली, ते तर तू फेब्रुवारीतच सांगितलं होतंस. मी म्हटलं, तेव्हा नुसती सही केली होती. पलीकडून नाक शिंकरल्याचा आवाज आला.

काडीलाही सांगितलं. तो म्हणाला, मग आता ती काकडी खा, कालपासून माझ्या बॅगेत वास मारतेय.

बुधवार, ३० एप्रिल

८९.९. भीती गेलेली नाही. रोज सकाळी येते, मी दात घासतो तेव्हा मागे उभी असते. फक्त आता तिला भूक म्हणत नाही.

काल हॉस्पिटलचा फोन वाजला, ओव्हनच्या दारात ट्रे होता, शंभर बन ताजे. फोन घेतला, बोललो, ठेवला. काडी लांबून बघत होता. मी जिना चढून-उतरून आलो, दोनदा. मग त्याला म्हटलं, हो रे बाबा, भीती वाटली. तो म्हणाला, मला विचारूच नकोस, मला विजेची वाटते. वीस वर्षं वायरमन आहे आणि हे मला आज सांगतो.

ताईनेही प्रश्न बदललाय. आता विचारते, आज किती जिने.

मंगळवार, १३ मे

८७.६. सगळं केस कापण्यावर येऊन ठेपलंय. बायको म्हणाली, तुझ्या डोक्यावर सहाशे ग्रॅम केस असते तर मी तुझ्याशी लग्न आणखी आनंदाने केलं असतं.

मंगळवार, २० मे

हॉस्पिटलचा काटा. बूट काढले, पट्टा काढला, घड्याळ काढलं. अंगठी काढायला गेलो तर आहारवाल्या बाई म्हणाल्या, राहू द्या, एवढं लग्न चालेल. ८६.४.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बाईंनी आकडा लिहिला, सर्जनने सही केली, आणि माझ्यापुढेही एक नवा कागद आला. पुन्हा संमती. भीती सोबत होती, पण सही एकदाच करावी लागली. ताई शेजारी नव्हती, तिला मुद्दाम आणलं नव्हतं.

ऑपरेशन सत्तावीसला.

गुरुवार, २९ मे

खूप दुखतंय. चीर नाही दुखत एवढी, खांदा दुखतो. पोटात भरलेली हवा वर चढून खांद्यात बसते म्हणे. सर्जनने चित्रात ही हवा काढली नव्हती. खोकायचं असेल, शिंकायचं असेल तर पोटाशी उशी घट्ट धरायची, आणि हसायचं तर नाहीच, असं नर्सने बजावलंय. त्या दिवशी सकाळी मला ढकलत नेलं तेव्हा दारापाशी थांबवून भूलवाल्या डॉक्टरांनी नाव विचारलं आणि कशासाठी आलात ते विचारलं. मला वाटलं होतं तिथे काहीतरी बाणेदार बोलीन. 'डावी द्यायला आलोय' एवढंच निघालं. पुढचं काही आठवत नाही. उठलो तेव्हा बायको हात धरून होती आणि मी तिला भट्टीचा पट्टा सरळ चाललाय का विचारत होतो.

आज मला चालवलं. सलाईनचा खांब एका हातात, उशी दुसऱ्या हातात, काडीने मागून गाऊनच्या नाड्या धरलेल्या, कारण तो मागून सबंध उघडा असतो. असे आम्ही तिघं, मी, काडी आणि खांब, ताईच्या खोलीपर्यंत गेलो. आत सोडत नाहीत, काचेतून बघायचं आणि फोनवर बोलायचं. ताई उशीला टेकून बसली होती. तोंडावर मास्क, पण वर डोळे होते आणि ते चांगले होते. कातडीचा तो मातकट रंग गेलाय, दोन दिवसांत. मी फोन कानाला लावला. तिने मी बोलायची वाटही न बघता पलंगाच्या कडेला अडकवलेली पिशवी दाखवली.

सांगायचं म्हणजे, गेले नऊ महिने ताईला लघवीच होत नव्हती. थेंब नाही. या गोष्टी घरात बोलल्या जात नाहीत, त्यामुळे मलाही कळलं ते हॉस्पिटलच्या कागदावर. आणि आता ती पिशवी भरलेली होती, फिकट पिवळी, उन्हात चमकत होती. नर्सने ती उचलून काचेपाशी आणून दाखवली, तान्हं बाळ दाखवतात तशी.

"कालपासून नऊ लिटर," ताई म्हणाली. "बादल्या लावल्यात इथे. अगदी तुझ्यावर गेली आहे, कुठे थांबायचं ते कळत नाही तिला."

मी उशी पोटाशी घट्ट धरली. फार दुखलं. नर्स आतून बोट दाखवून दटावत होती, काडी मागून नाड्या धरून गदगदत होता, आणि काचेपलीकडे ताईचा मास्क हलत होता.